छडी खाऊन हसणारी पोरं: व्हिक्टोरियन शाळाकथांतल्या व्रात्य मुलाचं कोडं

आपल्याकडे इंग्रजी माध्यमाच्या शाळेत गेलेलं पोर पहिल्याच आठवड्यात घरी येऊन सांगतं, ‘मी ब्लू हाऊसमध्ये आहे.’ आईबाप मान डोलावतात. हाऊस म्हणजे क्रीडादिनाला कुठल्या रंगाचा टी-शर्ट घालायचा ते, एवढं त्यांना ठाऊक असतं. तेच पोर चौथी-पाचवीत हॅरी पॉटर वाचायला लागतं. तिथेही हाऊस आहेत, प्रीफेक्ट आहेत आणि वर एक चमत्कारिक प्रकार आहे. नायक रात्री-बेरात्री हिंडतो, बंद दारं उघडतो, नियम बिनदिक्कत मोडतो आणि वर्षाच्या शेवटी खुद्द हेडमास्तर भर सभेत त्यालाच जास्तीचे गुण देतात. आपल्या शाळेत असं केलं असतं तर पालकांना बोलावणं आलं असतं.

नियम मोडणाऱ्याला बक्षीस देण्याची ही रीत फार जुनी आहे. तिचा उगम व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या, म्हणजे १८३७ ते १९०१ मधल्या, इंग्रजी शाळाकथांत आहे. त्या कथांतला व्रात्य मुलगा वरवर बंडखोर वाटतो. नीट वाचलं तर त्याचे उपद्व्याप शाळेच्या शिस्तीच्या आतच बसतात आणि शाळेला ते हवेच असतात. का हवे असतात, ते पायरीपायरीने पाहू.

आधी ही शाळा कसली?

या कथा ज्या शाळांत घडतात त्यांना इंग्लंडमध्ये ‘पब्लिक स्कूल’ म्हणतात. नावावर जाऊ नका. त्या भरमसाट फी घेणाऱ्या खासगी निवासी शाळा होत्या. १८६१ साली त्यांच्या कारभाराची चौकशी करायला सरकारने आयोग नेमला. त्याच्या यादीत नऊ शाळा होत्या, त्यांत ईटन, हॅरो, विंचेस्टर आणि रग्बी.

मुलगा साधारण तेराव्या वर्षी घर सोडून इथे यायचा तो सतरा-अठराव्या वर्षी बाहेर पडायचा. राहायचा एका ‘हाऊस’मध्ये. ते खरोखरच घर असे: चाळीस-पन्नास पोरं आणि त्यांच्यावर एक हाऊसमास्तर. आपल्या टी-शर्टच्या रंगाचे पूर्वज हे. मास्तर मोजके, पोरं शेकड्यांनी आणि रात्रीची देखरेख जवळजवळ शून्य. म्हणून वरच्या वर्गातल्या निवडक मुलांना ‘प्रीफेक्ट’ म्हणजे मुलांतलेच फौजदार नेमत. लहान मुलांना शिक्षा करायचा अधिकार त्यांना असे. लहान मुलांनी मोठ्यांचे बूट पुसायचे, पाव भाजून द्यायचे, हाक मारली की धावायचं. या वेठबिगारीला ‘फॅगिंग’ म्हणत.

रग्बी शाळेत १८२८ ते १८४२ या काळात टॉमस आर्नल्ड हेडमास्तर होता. त्याने या साऱ्या बेबंदशाहीला धर्माचं आणि चारित्र्याचं अस्तर लावलं. त्याने लावलेला क्रमच बघा: आधी धर्म आणि नीती, मग सभ्य गृहस्थासारखं वागणं, आणि बुद्धी तिसऱ्या नंबरावर. गणितात नापास झालेलं चालेल, पण चहाडी केलेली चालणार नाही, असं ते वातावरण होतं. आपल्याकडच्या मार्कांच्या रेट्यात वाढलेल्या वाचकाने हा क्रम ध्यानात ठेवावा, नाहीतर पुढचं काहीच उमगणार नाही.

टॉम ब्राउन: वांड पोराला माणसात आणण्याची कृती

पहिला गाजलेला व्रात्य विद्यार्थी म्हणजे टॉम ब्राउन. टॉमस ह्यूज हा आर्नल्डचा विद्यार्थी. त्याने १८५७ साली ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ ही कादंबरी छापली, तीही स्वतःचं नाव न घालता, ‘एक माजी विद्यार्थी’ एवढंच लिहून.

टॉम मनाने चांगला, पण हाताला चैन नाही. बंदी असलेल्या नदीकाठी मासे धरतो. मित्राबरोबर शाळेच्या छपरावर चढून मोठ्या घड्याळाच्या मिनिटकाट्यावर स्वतःचं नाव कोरून येतो. लॅटिनचा गृहपाठ आयत्या भाषांतरावरून उतरवतो. ह्यूज हे सारं सांगताना नाराज दिसत नाही, उलट खुशीत येतो.

खरा खलनायक आहे फ्लॅशमन नावाचा थोराड मुलगा. घोड्यांच्या शर्यतीच्या सोडतीत टॉमला जिंकू शकणाऱ्या घोड्याची चिठ्ठी लागते. ती तो विकायला नकार देतो, म्हणून फ्लॅशमन आणि त्याचे साथीदार टॉमला पेटत्या शेकोटीसमोर धरून भाजतात. पोर बेशुद्ध पडतं. शुद्धीवर आल्यावर टॉम कुणाचंही नाव सांगत नाही, आणि पुस्तकाच्या हिशेबी त्याचं मोठेपण इथेच सिद्ध होतं.

पुढे टॉमच्या खोड्या इतक्या वाढतात की त्याला शाळेतून काढायची वेळ येते. तेव्हा आर्नल्ड एक डाव टाकतो. जॉर्ज आर्थर नावाचा नाजूक, भित्रा, देवभोळा मुलगा तो टॉमच्या खोलीत राहायला पाठवतो आणि त्याला सांभाळायची जबाबदारी टॉमवर येते. पहिल्याच रात्री आर्थर सगळ्यांसमोर गुडघे टेकून प्रार्थनेला बसतो, कुणीतरी त्याच्यावर चप्पल फेकतं आणि टॉम उसळून उठतो. तिथून पोर सुधारायला लागतं.

अंगात रग असलेलं पोर वाया गेलेलं नसतं, त्याच्या रगेला काम द्यायचं, हा ह्यूजचा सिद्धान्त. आधुनिक ऑलिंपिकचा जनक पिअर द कुबेर्तां हे पुस्तक वाचून इतका भारावला की पुढे रग्बीची वारी करून आला.

एरिक: एक घसरण आणि थेट कबर

पुढच्याच वर्षी, १८५८ मध्ये, फ्रेडरिक फॅरर या मास्तराचं ‘एरिक, ऑर लिटल बाय लिटल’ आलं. इथेही एक उमदा मुलगा आहे. आधी परीक्षेत थोडी लबाडी, मग एखादी शिवी, मग सिगार, मग दारू, मग चोरीचा आळ. पळून जहाजावर जातो, तिथे चाबूक खातो, परत येऊन मरतो. त्याच्याआधी त्याचा जिवलग मित्र आणि धाकटा भाऊही मेलेले असतात. पानोपानी अश्रू.

हे पुस्तक धडाक्याने खपलं. आत्या-मावश्यांनी भाच्यांना वाढदिवसाला द्यायची ती ठरलेली वस्तू झाली. भाचे काय म्हणत होते ते कळायला चाळीस वर्षं लागली.

एक योगायोग इथे सांगायलाच हवा. फॅररचा जन्म मुंबईचा, १८३१ चा. वडील मिशनरी. लहानपणीच त्याला शिकायला इंग्लंडला धाडलं. त्याच्या कादंबरीतल्या एरिकचे आईबापही हिंदुस्थानात आहेत आणि पोर एकटं बोर्डिंगात. आता ज्याच्याकडे वळायचं तो लेखकही मुंबईचाच. जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारातल्या बंगल्यात ३० डिसेंबर १८६५ ला जन्मलेला रुडयार्ड किपलिंग. त्याचे वडील तिथे शिकवत. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईच्या, दारांवरची दगडी शिल्पं त्यांच्याच आराखड्याची. सहावं सरायच्या आत रुडयार्डलाही धाकट्या बहिणीसह इंग्लंडमध्ये परक्यांच्या घरी ठेवलं गेलं. तिथली ती वर्षं तो आयुष्यभर विसरला नाही. इंग्रजी शाळाकथांतलं सर्वांत सोवळं पोर आणि सर्वांत बिलंदर पोर, दोन्ही मुंबईत जन्मलेल्या आणि आईबापांपासून तोडलेल्या मुलांनी लिहिली.

स्टॉकी आणि कंपनी

किपलिंगचं ‘स्टॉकी अँड कंपनी’ १८९९ साली पुस्तकरूपात आलं. तीन मुलं, एकच अभ्यासाची खोली. स्टॉकी हा डोकं चालवणारा म्होरक्या. त्याचं खरं नाव कॉर्करन. ‘स्टॉकी’ हे शाळेतलं टोपणनाव, अर्थ साधारण ‘बिलंदर’. मॅक्टर्क हा आयरिश जमीनदाराचा तऱ्हेवाईक मुलगा. आणि बीटल, जाड भिंगांचा चश्मा लावणारा, कविता करणारा, म्हणजे किपलिंग स्वतः.

या तिघांना आर्नल्डी चारित्र्याचं भयंकर वावडं. क्रिकेटच्या सामन्याला टाळ्या वाजवायला जायची सक्ती असते, हे झुडपांत बसून पाइप ओढतात. स्टॉकीच्या आत्याने वाढदिवसाला पाठवलेलं ‘एरिक’ ते विकायला काढतात आणि त्याला म्हणावा तसा भावही मिळत नाही. भाच्यांचं उत्तर ते हेच.

त्यांच्या खोड्या हाताच्या कमी आणि डोक्याच्या जास्त असतात. शेजारच्या हाऊसचे किंग सर जिभेने फार तिखट. त्यांच्या हाऊसची पोरं या तिघांच्या हाऊसला ‘तुम्ही आंघोळ करत नाही, वास मारता’ म्हणून चिडवायला लागतात, आणि त्याला सरांची फूस असते. तिघं मारामारी करत नाहीत. घर कसं बांधतात, तक्तपोशी आणि छत यांत पोकळी कशी राहते, हे बीटलने पुस्तकात वाचलेलं असतं. एक मांजर मारून ते नेमकं किंगच्या हाऊसमधल्या झोपायच्या खोलीच्या लाकडी जमिनीखाली सरकवलं जातं. मग नुसतं थांबायचं. दोन-चार दिवसांत वास कुणाच्या हाऊसला येतो हे साऱ्या शाळेला कळतं. मांजराला उगाच मारलं हे वाचताना आज पोटात ढवळतं. १८९९ च्या वाचकाच्या पोटात ढवळलं ते वासामुळे.

दुसरी एक गोष्ट आणखी बारकाईने पाहण्याजोगी आहे. तिघं शाळेच्या हद्दीबाहेर भटकतात. मास्तरांना वास लागलाय हे त्यांना माहीत असतं. जवळच एका कर्नलची खासगी जमीन आहे. तिथला राखणदार कोल्हीवर बंदूक चालवतो, आणि शिकारीच्या रिवाजात कोल्ह्याला गोळी घालणं हे महापाप. मॅक्टर्क तडक जाऊन कर्नललाच जाब विचारतो, जमीनदाराने जमीनदाराला विचारावा तसा. कर्नल खूश होऊन तिघांना हवं तेव्हा यायची परवानगी देऊन टाकतो. ती ते कुणालाच सांगत नाहीत. मग ते मुद्दाम दिसतील असे जातात, मास्तर आणि शाळेचा सार्जंट माग काढत आत शिरतात, आणि विनापरवाना घुसल्याबद्दल कर्नलच्या शिव्या खातात. पोरं आडोशाला बसून ऐकतात आणि हसून हसून गडाबडा लोळतात.

प्रकरण हेडमास्तरांपुढे येतं. कायद्याने बघितलं तर तिघांवर एकही आरोप टिकत नाही. हेडमास्तर सगळं ओळखून आहेत. ते म्हणतात, नियमाबाहेरची माणसं भेटली की त्यांना नियमाबाहेरचंच उत्तर द्यावं लागतं, म्हणून मी आता ढळढळीत अन्याय करणार आहे. प्रत्येकी सहा छड्या. मारून झाल्यावर वर आपल्या खोलीतली पुस्तकं वाचायला नेण्याची मुभा देतात. पोरं बाहेर येतात ती हेडमास्तरांचे गोडवे गात.

मार खाऊन गोडवे? हे कुठलं तर्कशास्त्र?

कोल्हापूरकडच्या वाचकाला हे एका वाक्यात कळेल. तालमीत एखादा पठ्ठ्या खुद्द वस्तादाला चकवून पाडायला बघतो, तेव्हा वस्ताद त्याला उचलून असा आपटतो की चार दिवस पाठ ठणकावी, आणि संध्याकाळी त्याचाच खुराक वाढवतो. डाव टाकायची हिंमत केलीस, शाबास. पण हौदा कुणाचा आहे हेही लक्षात ठेव.

स्टॉकीचे हेडमास्तर नेमकं हेच करतात. त्यांना पोरं आज्ञाधारक नको आहेत. हुकमाची वाट न बघता डोकं चालवणारी, संकटात न गांगरणारी, मित्राला न विकणारी आणि शेवटी वरच्या एका माणसाचा निवाडा हूं की चूं न करता मानणारी पोरं हवी आहेत. या गुणांची परीक्षा वर्गात कशी घेणार? ती खोड्यांत आपोआप होते.

म्हणून इथल्या व्रात्यपणाला अलिखित घटना आहे. चहाडी करायची नाही. मास्तराला फसवा, पण त्याने तोंडावर थेट विचारलं तर सपशेल खोटं बोलायचं नाही. अर्धसत्याच्या कसरती चालतात आणि स्टॉकी त्यांत पटाईत आहे. आपल्याहून दुबळ्याला छळायचं नाही. फ्लॅशमन आणि टॉम दोघेही नियम मोडतात. पण फ्लॅशमन हे शेवटचं कलम मोडतो म्हणून तो खलनायक. त्याची हकालपट्टी मात्र होते दारू पिऊन तर्र झाल्याबद्दल, टॉमला भाजल्याबद्दल नाही. ही विसंगती ह्यूजला खटकलेली दिसत नाही.

‘पोरांच्या खोड्यांत साम्राज्य कशाला शोधता?’

हा आक्षेप हमखास येतो आणि एरवी तो रास्तही असतो. पण इथे ते साम्राज्य शोधायला आपण कुणीच जायला नको. किपलिंगने ते स्वतःच समोर मांडून ठेवलंय.

पुस्तकातली शाळा खऱ्या शाळेवर बेतलेली आहे: डेव्हन परगण्यात समुद्रकाठी वेस्टवर्ड हो! या गावातलं युनायटेड सर्व्हिसेस कॉलेज. (उद्गारचिन्ह गावाच्या नावातलंच आहे, एका कादंबरीवरून गावाला नाव दिलं तेव्हा तेही बरोबर आलं.) १८७१ पर्यंत ब्रिटिश सैन्यात अधिकाऱ्याची जागा चक्क पैसे मोजून विकत घेता येई. ती पद्धत बंद झाली, परीक्षा आली. मध्यम पगाराच्या लष्करी अधिकाऱ्यांना प्रश्न पडला की ईटन-हॅरोची फी तर परवडत नाही, मग पोरांची परीक्षेची तयारी करून कोण घेणार? त्यांनी मिळून १८७४ मध्ये हे स्वस्तातलं कॉलेज काढलं. किपलिंग तिथे १८७८ ते १८८२ होता. पुस्तकात तो सांगतो की शंभरातली ऐंशी पोरं परदेशात, छावण्यांत नाहीतर भर समुद्रात जन्मलेली, आणि पंचाहत्तर अधिकाऱ्यांची मुलं. थोडक्यात, ती सैन्याला माणसं पुरवणारी शाळा होती.

आता पुस्तकातल्या ‘स्लेव्ह्ज ऑफ द लॅम्प’ या दोन भागांतल्या कथेकडे या. पहिल्या भागात किंग सर तिघांना अपमान करून त्यांच्या खोलीतून बाहेर काढवतात. स्टॉकी संध्याकाळी दबा धरून बसतो. गावातला दारुडा गाडीवाला सरांच्या खिडकीखालून चाललेला असतो. स्टॉकी अंधारातून त्याला गलोलीने दगड मारतो. गाडीवाल्याला वाटतं खिडकीतल्या साहेबाने मारला, आणि तो सरांच्या खोलीवर दगडांचा वर्षाव करतो. खोलीचा पार चुराडा होतो. स्टॉकीचं नावही कुठे येत नाही.

दुसरा भाग काही वर्षांनंतरचा. जुने मित्र जमलेत आणि गप्पा चालल्यात स्टॉकीच्या, जो आता वायव्य सरहद्दीवर शीख पलटणीत अधिकारी आहे. एका किल्ल्यात तो वेढला गेलाय, बाहेर दोन टोळ्या एकत्र आल्यात. तो रात्री गुपचूप बाहेर पडतो, एका टोळीच्या मेलेल्या माणसाच्या छातीवर दुसऱ्या टोळीची वैराची खूण कोरतो, आणि मग दोघांच्या मधे बसून दोन्हीकडे गोळ्या झाडतो. टोळ्या एकमेकींवर तुटून पडतात. दगड, गाडीवाला आणि खिडकी यांच्या जागी बंदुका, टोळ्या आणि सरहद्द आली, एवढाच फरक. किपलिंग तो फरक लपवत नाही, उलट अभिमानाने दाखवतो. शेवटी निवेदक म्हणतो की हिंदुस्थान अशा स्टॉकींनी भरलेला आहे, आपल्याला त्यांची नावंही माहीत नाहीत.

‘फोडा आणि झोडा’ हे शब्द आपण शाळेत इतिहासाच्या पुस्तकात पाठ केले. ते करणारा साहेब लहानपणी काय खेळत होता, ते इथे वाचायला मिळतं.

म्हणून हे पुस्तक आलं तेव्हाच इंग्लंडमध्ये गदारोळ झाला. रॉबर्ट ब्यूकॅनन या लेखकाने १८९९ च्या अखेरीस किपलिंगला गुंडांचा आवाज ठरवलं आणि ही पोरं नव्हेत, भेसूर छोटी माणसं आहेत असं लिहिलं. एच. जी. वेल्सने पुढे जगाचा इतिहास लिहिताना ब्रिटिश साम्राज्याची मनोवृत्ती समजावून सांगायला याच पुस्तकातली एक कथा घेतली. तीत शाळेचा पाद्री या तिघांना सुचवतो की दोन थोराड मुलं एका लहानग्याला छळतात, त्यांचं काहीतरी करा. तिघं त्या दोघांना खेळाच्या मिषाने बांधतात आणि मग रडेपर्यंत त्यांचा पद्धतशीर छळ करतात. पाद्री नंतर समाधान पावतो. वेल्सने बोट ठेवलं ते इथेच: छळ वाईट नाही, वरून मूक परवानगी असली की तो धर्मकार्य होतो. वेल्स किपलिंगवर इतर ठिकाणी आकसानेही लिहितो, पण इथे माझ्या मते त्याने नेमकी नस पकडली आहे.

एक गोष्ट किपलिंगच्या बाजूनेही सांगितली पाहिजे. शाळेत एक खासदार येतो, देशभक्तीवर घसा फोडून भाषण ठोकतो आणि शेवटी खिशातून काढावा तसा राष्ट्रध्वज फडकावतो. पोरं टाळ्या वाजवत नाहीत. ती शरमेने गप्प होतात, आणि नुकतीच सुरू केलेली कवायत-पलटण बंद पाडतात. ज्यांचे बाप लढाईत मरतात त्यांना देशभक्तीचा असा बाजार बघवत नाही. साम्राज्याचा भाट म्हणून ज्याची ओळख, त्याने हे लिहिलंय.

हेच गरिबाच्या पोराने केलं असतं तर?

तर तो व्रात्य ठरला नसता, गुन्हेगार ठरला असता. व्हिक्टोरियन कादंबरीत त्याचंही चित्र आहे. डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधला जॅक डॉकिन्स, टोपणनाव ‘आर्टफुल डॉजर’. स्टॉकीइतकाच चलाख, तितकाच हजरजबाबी, मित्रांना धरून राहणारा. तपकिरीच्या चांदीच्या डबीवरून पकडला जातो. कोर्टात न्यायाधीशांची अशी काही टर उडवतो की ईटनच्या पोरालाही हेवा वाटावा. आणि त्याच्या नशिबी येते काळ्या पाण्याची वाट.

कादंबरी सोडा, कायदा बघा. १८५४ च्या कायद्याने सोळा वर्षांखालच्या दोषी मुलाला आधी किमान चौदा दिवस तुरुंग आणि मग दोन ते पाच वर्षं सुधारगृह देता येत होतं. टॉम ब्राउन परक्याच्या पाण्यात मासे धरतो ती मौज, आणि खेड्यातलं पोर तेच करतं तेव्हा ती चोरी. खोडकरपणा ही त्या काळी फी भरून मिळणारी सवलत होती.

मुलींचं म्हणाल तर त्यांच्या शाळाकथा उशिरा आल्या. एल. टी. मीड या लेखिकेचं ‘अ वर्ल्ड ऑफ गर्ल्स’ १८८६ चं. त्यात खोड्या आहेत, पण प्रत्येक खोडीमागे पश्चात्तापाची आसवं ठरलेली. सरहद्दीवर पाठवायची नसल्याने मुलींच्या बिलंदरपणाचा कुणाला उपयोग नव्हता.

गंमत अशी की या शाळांचं तोंडही न पाहिलेली लाखो मुलं या कथा वाचत होती. १८७० च्या शिक्षण कायद्यानंतर साक्षरता वाढली, पेनीला एक मिळणारी मुलांची साप्ताहिकं निघाली. १८७९ मध्ये धार्मिक पुस्तिका छापणाऱ्या एका संस्थेने ‘बॉइज ओन पेपर’ सुरू केला. गिरणी कामगाराचा मुलगाही मग ‘चहाडी करायची नाही’ हे कलम पाठ म्हणू लागला. तिथूनच हा साचा वसाहतींत पोचला. अजमेरचं मेयो कॉलेज १८७५ चं, राजपुत्रांसाठी. मग डोंगरावरची बोर्डिंगं. आणि शेवटी आपल्या गल्लीतल्या शाळेचं ब्लू हाऊस.

मग हे सारं खरं घडलं होतं का?

थोडं घडलं, बरंच रचलं. स्टॉकीचा नमुना होता लायनेल डन्स्टरव्हिल, मॅक्टर्कचा जॉर्ज बेरेसफोर्ड. दोघांनीही पुढे आठवणी लिहिल्या, एकाने १९२८ मध्ये, दुसऱ्याने १९३६ मध्ये. खरा हेडमास्तर कॉर्मेल प्राइस तर पुस्तकातल्यापेक्षा फारच वेगळा. चित्रकार बर्न-जोन्स आणि कवी विल्यम मॉरिस यांच्या मित्रमंडळातला, कलासक्त माणूस. छडीने साम्राज्य घडवणारा हेडमास्तर हा किपलिंगने त्याच्यावर चढवलेला अंगरखा.

डन्स्टरव्हिल खरोखरच हिंदुस्थानी सैन्यात जनरल झाला. १९१८ साली त्याला मूठभर फौज देऊन इराणमार्गे बाकूला पाठवलं, तेलाच्या विहिरी तुर्कांच्या हाती पडू नयेत म्हणून. काम स्टॉकीला शोभेल असंच: माणसं कमी, स्थानिक गट एकमेकांच्या उरावर, हुकूम मोघम. ऑगस्टमध्ये फौज पोचली आणि १४ सप्टेंबरच्या रात्री तिला बोटींत बसून निघून यावं लागलं. कथेतल्या टोळ्यांसारखे बाकूतले गट स्टॉकीच्या तालावर नाचले नाहीत. एवढं होऊनही १९२७ मध्ये किपलिंग सोसायटी निघाली तेव्हा तिचा पहिला अध्यक्ष तोच झाला. किपलिंगला स्वतःला ती सोसायटी फारशी पसंत नव्हती, हा आणखी एक किस्सा.

वाचायचं तर कुठून सुरुवात करावी?

ही सगळी पुस्तकं आता हक्कमुक्त आहेत आणि प्रोजेक्ट गुटेनबर्गच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. ‘टॉम ब्राउन’ची पहिली दोन-तीन प्रकरणं बेलाशक गाळा, टॉम शाळेला निघेपर्यंत ह्यूज गावाच्या जत्रेतच रमतो. ‘एरिक’चं एखादं प्रकरण चवीपुरतं पुरे. ‘स्टॉकी’ मात्र त्या काळच्या शालेय बोलीने खच्चून भरलेलं आहे, पहिल्या वाचनात निम्मं डोक्यावरून जाईल. आधी कर्नलच्या जमिनीवरची ‘इन अँबुश’ घ्या, मग ‘स्लेव्ह्ज ऑफ द लॅम्प’चे दोन्ही भाग लागोपाठ, एकाच बैठकीत. मधल्या कथा पुस्तकाच्या क्रमाने वाचत गेलात तर दुसरा भाग येईपर्यंत गाडीवाल्याचा दगड विसरायला होतं.